घरचं शुद्धलेखन कुठवर पुरतं?



आजचा विषय तसा लहान आहे. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात तो रोज संध्याकाळी हजर असतो. मूल शाळेतून येतं, चहा-पोळी होते, आणि मग आई एका बाजूला भाजी निवडत, दुसऱ्या बाजूला पुस्तकातले शब्द सांगत बसते. मूल वहीत लिहितं. दहापैकी सहा शब्द चुकतात. आईचा आवाज चढतो, मुलाचे डोळे भरतात, आणि चुकलेला प्रत्येक शब्द वीस वेळा लिहायची शिक्षा होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशा आयांचा आणि बापांचा एक प्रश्न असतो. हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं करतो, त्याचं पुढे काय होतं? मूल मोठं झाल्यावर ही मेहनत टिकते का? चौथी-पाचवीत ज्याला वेलांटी-उकार सुधरत नाही, तो तिशीत कसा लिहितो? आज मी या प्रश्नाविषयी बोलणार आहे.

मी काही शिक्षक नाही. बी.ए. झालो, बरीच वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, आणि मराठीत कविता लिहितो. आमच्या घरातली बोली दखनी. मराठी मला शाळेत भेटली, गल्लीत भेटली आणि मग सुटली नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरात माझ्यासारखी माणसं कमी नाहीत. निजामाच्या काळात, म्हणजे १९४८ पर्यंत, मराठवाड्यात सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्यामुळे कित्येक मराठी घरांतले आजोबा उर्दू लिहायचे, आणि पुढे आमच्यासारख्या घरांतली नातवंडं मराठी लिहू लागली. या शहरात दोन लिप्या शेजारी-शेजारी राहिल्या आहेत. एक उजवीकडून डावीकडे जाते, दुसरी डावीकडून उजवीकडे.

उर्दूत श्रुतलेखनाला 'इमला' म्हणतात. तोच शब्द शब्दाच्या लेखनालाही वापरतात. उर्दूचा इमला सोपा नाही. 'स' एकच ऐकू येतो, पण लिहायला तीन अक्षरं आहेत, सीन, स्वाद आणि से. नुक्त्याच्या 'ज'साठी तर चार. कुठल्या शब्दात कुठलं, हे कानाला कळत नाही, ते शब्दाच्या मुळावरून ठरतं. आमच्या आजोबांच्या पिढीनं हे तख्तीवर शिकलं. लाकडी तख्तीला मुलतानी मातीचा लेप द्यायचा, ती वाळवायची, आणि बोरूच्या कलमानं मोठ्यानं उच्चार करत अक्षर काढायचं. रोज लिहायचं, धुवायचं, पुन्हा लिहायचं. डोळा, कान, तोंड आणि हात, चौघं एकदम कामाला लागायचे. हे लक्षात ठेवा, कारण याच्याकडे आपण परत येणार आहोत.

आता मराठीकडे पाहू. मराठी वाचायला सोपी आहे. अक्षर ओळखलं की उच्चार जवळपास हातात येतो. पण लिहायला तितकी सोपी नाही, कारण बोलताना आपण ऱ्हस्व आणि दीर्घ यांत फारसा फरक करत नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे दोरा. रस्त्यावर हे शब्द बोलून दाखवा, ऐकणाऱ्याला वेलांटी कुठली आणि उकार कुठला ते सांगता येणार नाही. म्हणून 'नीट ऐक आणि लिही' हा आपला आवडता उपदेश वेलांटी-उकाराच्या बाबतीत निकामी आहे. जे कानाला ऐकूच येत नाही, ते मुलानं ऐकायचं कसं?

मग ते कळतं कशानं? नियमानं. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली लागू झाले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. आज आपण ज्याला शुद्धलेखन म्हणतो ते हे. त्याआधी 'नांव', 'पांच', 'कांहीं' असे न उच्चारलेले अनुस्वार द्यायची पद्धत होती. ते अनुस्वार या नियमांनी गेले. त्यामुळे माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक गंमत व्हायची. शेजारचे एक आजोबा प्रेमानं नातवाचं शुद्धलेखन घ्यायचे, 'नाव'वर टिंब द्यायला लावायचे, आणि शाळेत बाई ते टिंब लाल शाईनं खोडायच्या. मूल बिचारं मधल्या मध्ये. घरी शिकवणाऱ्यानं निदान आजचा नियम माहीत करून घ्यावा, हा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

एका नियमाची ताकद सांगतो. अकारान्त शब्दातलं शेवटून दुसरं अक्षर मराठीत दीर्घ असतं. विहीर, बहीण, फूल, मूल. पण शब्दाला प्रत्यय लागून रूप बदललं की तेच अक्षर ऱ्हस्व होतं. विहिरीत, बहिणीला, फुलाला, मुलाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत. शरीर, शरीराला. तिथे दीर्घ दीर्घच राहतं. आणि गुण, विष हे मुळातच ऱ्हस्व आहेत. पण बाकी शेकडो शब्द या एका दोरीत ओवले जातात.

मला याच्यातली सगळ्यांत आवडणारी गोष्ट निराळी आहे. फारसी-अरबीतून आलेले शब्दही हाच नियम पाळतात. वकील, वकिलाला. जमीन, जमिनीवर. हुकूम, हुकुमाला. कुठून कुठून आलेले हे शब्द मराठीच्या घरात सुना-जावयांसारखे नांदले आणि त्यांनी इथली रीत उचलली. आणि मराठी शब्दांच्या लेखनाबद्दल शंका आली की ज्यांचा 'मराठी शब्दलेखनकोश' आपण उघडतो, त्या बाईंचं नाव यास्मिन शेख. जन्म १९२५ चा, माहेर ज्यू, सासर मुसलमान, आणि आयुष्य मराठी व्याकरण शिकवण्यात गेलं. शुद्धलेखन ही कुणा एका आळीची मालमत्ता आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे नाव आठवावं.

आता मूळ प्रश्न. छापखान्यात काम करतो म्हणून गल्लीतल्या बायका माझ्याकडे मुलं पाठवू लागल्या. ही २००१-०२ च्या सुमाराची गोष्ट. ती मुलं तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती, आज तिशी ओलांडून गेली आहेत. गल्ली तीच असल्यामुळे मला त्यांचं पुढचं आयुष्य पाहायला मिळालं. त्यांतल्या तिघांची हकिकत सांगतो. नावं सांगत नाही.

पहिला मुलगा हुशार. त्याचे वडील कडक. चुकलेला शब्द वीस वेळा लिहायचा, आणि कधी पाठीत धपाटाही. शुक्रवारी शाळेत श्रुतलेखन असायचं, त्यात या मुलाला पैकीच्या पैकी मिळायचे. वडील खूश. पण दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, की तेच शब्द पुन्हा चुकायचे. वडिलांना वाटायचं, पोरगं मुद्दाम करतं. मग शिक्षा वाढायची. हा मुलगा दहावी झाला, आज त्याचं मोबाईल दुरुस्तीचं चांगलं चाललेलं दुकान आहे. पण तो लिहीत नाही. पावतीवर आकडे लिहितो, गिऱ्हाइकाला निरोप द्यायचा तर आवाज रेकॉर्ड करून पाठवतो, बँकेचा अर्ज धाकट्या भावाकडून भरून घेतो. बोलायला बसला तर तासभर रंगवून सांगेल. कागद पुढे केला की हात खिशात जातात.

हे का झालं? याचं उत्तर सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकानं १८८५ साली स्मरणशक्तीवर एक पुस्तक लिहिलं. प्रयोग त्यानं स्वतःवरच केले. अर्थहीन अक्षरांच्या माळा तो पाठ करी आणि किती विसरल्या ते मोजी. त्याला असं दिसलं, की एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधतं, ते तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ घोकण्यांत साधतं. म्हणजे एका बैठकीत वीस वेळा लिहिण्यात निम्मी मेहनत पाण्यात जाते. वीस वेळा लिहिणाऱ्या मुलाकडे बघा. तिसऱ्या ओळीनंतर ते शब्द लिहीतच नाही. आधी सगळ्या ओळींत 'वि' काढतं, मग 'ही', मग 'र'. हात चालतो, डोकं खेळायला गेलेलं असतं.

जोसेफ मेयर राइस या अमेरिकन डॉक्टरानं १८९७ मध्ये दुसरी बाजू दाखवली. त्यानं निरनिराळ्या शहरांतल्या सुमारे ३३ हजार मुलांचं स्पेलिंग तपासलं आणि शाळा त्यासाठी रोज किती वेळ देते ते विचारलं. जिथे पाऊण तास घालवत तिथली मुलं, आणि जिथे पंधरा मिनिटं देत तिथली मुलं, यांच्यात काही फरक नव्हता. पंधरा मिनिटांच्या पुढचा वेळ वाया जातो, असं त्यानं स्पष्ट लिहिलं. आपल्याकडे अजून तासभर बसवण्यालाच शिस्त म्हणतात.

दुसरी एक मुलगी. चौथीपर्यंत उर्दू शाळेत, पाचवीला मराठी शाळेत आली. आई स्वतः चौथी शिकलेली. मुलीचे ळ आणि ल, ण आणि न यांचे घोळ, वेलांटी-उकाराचं तर विचारूच नका. तिच्यासाठी आम्ही एक वही केली. तिला 'चुकांची वही' न म्हणता 'शब्दांची वंशावळ' म्हणायचो. पुस्तकातले अवघड शब्द त्यात नव्हते. तिच्याच निबंधात चुकलेले, तिच्या रोजच्या वापरातले शब्द होते. दिवसाला पाचच. शब्द मोठ्यानं म्हणायचा, अक्षरं सुटी करायची, म्हणत म्हणत लिहायचा, झाकायचा, आठवून लिहायचा, आणि उघडून स्वतःच ताडून पाहायचा. शेजारी त्याच कुळातले दोन शब्द लिहायचे. 'जमीन' आला की 'जमिनीवर', आणि सोबतीला 'विहीर, विहिरीत'. तोच शब्द उद्या, मग आठवड्यानं, मग महिन्यानं पुन्हा विचारायचा. सगळा खेळ दहा मिनिटांचा. आई भाकरी थापताना विचारायची. आईला स्वतःला उत्तर येत नसे, तरी चालायचं, कारण वही उघडून तपासणारी मुलगीच असायची.

हे तीन वर्षं चाललं. आज ती मुलगी एका वकिलांच्या कचेरीत मराठी अर्ज आणि करारनामे टंकलिखित करते. तिचं काम मी पाहिलं आहे. पानाला एखादी चूक असते, तीही बहुधा संस्कृत शब्दांत. शंका आली तर कोश उघडते. तिच्या खुर्चीवर बसायला पदवीधर मुलं रांगेत असतात, आणि वकीलसाहेब तिला सोडायला तयार नाहीत.

तिसरा मुलगा मला सर्वांत जवळचा. बोलायला हजरजबाबी, शेर ऐकला की पाठ. पण लिहिलं की अक्षरं जागा बदलायची. मात्रा गळायच्या, रफार भलत्या अक्षरावर जायचा, जोडाक्षर उलटं व्हायचं, आपलंच नाव दोन वेळा लिहिलं तर दोन तऱ्हेचं. त्याची आई, जिला आम्ही सगळे आपा म्हणतो, तिनं सहा वर्षं त्याला घेऊन बसायचं सोडलं नाही. आम्ही त्याच्यासाठी तख्तीची पद्धत वापरली. ताटात रवा पसरून बोटानं अक्षर काढायचं, मोठ्यानं म्हणायचं. अक्षर पक्कं झालं की बाराखडी, ती झाली की जोडाक्षर, एकेक पायरी.

मला नंतर कळलं, की अमेरिकेत १९२०-३० च्या दशकांत सॅम्युअल ऑर्टन हा मेंदूचा डॉक्टर आणि अॅना गिलिंगहॅम ही शिक्षिका यांनी अशा मुलांसाठी हीच वाट शोधली होती. पाहणं, ऐकणं, म्हणणं आणि हातानं गिरवणं एकत्र, आणि पायरी न गाळता. तिकडे घरी शिकवणारे कित्येक आई-बाप आजही त्यांच्याच पद्धतीवर बेतलेली पुस्तकं वापरतात. आमच्या आजोबांची तख्ती आणि ऑर्टनसाहेबांची पद्धत एकमेकींना न ओळखता एकाच ठिकाणी पोहोचल्या होत्या.

या मुलाचं काय झालं? तो वाचायला शिकला. सावकाश वाचतो, पण वर्तमानपत्र रोज वाचतो. तंत्रनिकेतनातून पदविका घेतली, वाळूजच्या एका कारखान्यात पाळीचा प्रमुख आहे. आणि शुद्धलेखन? ते आजही कच्चंच आहे. परवाच त्याचा मजकूर आला, चार ओळींत पाच चुका. आपांनी तो पाहिला आणि मला म्हणाल्या, "भाई, छे साल पानी में गये क्या?"

सहा वर्षं पाण्यात गेली का? आज मला जे सांगायचं आहे ते या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

अध्ययन अक्षमता, डिस्लेक्सिया, हे शब्द आता आपल्याला ठाऊक झाले आहेत. २००७ सालच्या 'तारे जमीन पर' या चित्रपटानं ते घरोघरी नेले. पण ही गोष्ट नवी नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरानं चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकिकत छापली होती. मुलगा बुद्धिमान, खेळात चपळ, पण स्वतःचं नाव लिहिताना त्यातली अक्षरं उलटी-सुलटी करी. त्याच्या शिक्षकाचं मत होतं, की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला पहिल्या नंबरचा मुलगा ठरला असता. तेव्हापासून आजवर अशा मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढणाऱ्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. नीट शिकवलं तर वाचन पुष्कळ सुधारतं, लेखनातली अशुद्धता मात्र शेवटपर्यंत मागे राहते. वाचताना शब्द समोर असतो, तो ओळखायचा असतो. लिहिताना समोर काहीच नसतं, सगळं आतून काढायचं असतं. म्हणून ही गाठ सर्वांत उशिरा सुटते, आणि काहींची पुरती सुटतच नाही.

मग शिकवायचं कशाला? स्टीव्ह ग्रॅहम आणि तान्या सँटांजेलो या दोन अभ्यासकांनी २०१४ मध्ये ५३ वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. त्यांत सहा हजारांवर विद्यार्थी होते. शब्दलेखन मुद्दाम, पद्धतशीर शिकवलं तर ते सुधारतं, काही काळानं तपासलं तरी ती सुधारणा टिकलेली असते, आणि मुलाच्या स्वतःच्या लिखाणात उतरते, असं त्यांना आढळलं. वाचनालाही त्याचा हातभार लागतो. 'वाचत राहा, आपोआप येईल' या आशेवर सोडलेल्या मुलांपेक्षा शिकवलेली मुलं पुढे राहिली.

ही दोन्ही विधानं एकत्र ठेवली, की आपांच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. मेहनतीचं फळ मिळतं, पण ते आपण बघतो तिथे नसतं. आपण बघतो शून्य चुकांकडे. आपांच्या मुलाच्या त्या मजकुराकडे मी पुन्हा पाहिलं. पाच चुका होत्या, पण तो मजकूर चार ओळींचा होता. त्यानं तो स्वतः लिहिला होता. त्यात एकही अक्षर गळलेलं नव्हतं, वाचणाऱ्याला अर्थ एका दमात कळत होता. कारखान्यात तो रोज पाळीचा अहवाल लिहितो. आपले नेहमी चुकणारे वीसेक शब्द त्यानं एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवले आहेत, आणि महत्त्वाचा कागद असेल तर बायकोला दाखवून मगच पुढे पाठवतो. आपण कुठे चुकतो हे त्याला माहीत आहे, आणि त्याची त्याला लाज नाही. त्याच्याहून कितीतरी कमी चुका करणारा तो दुकानवाला मुलगा मात्र लिहीतच नाही. वीस वर्षांनंतरचा हिशेब करायचा तर हा फरक धरा. एकाच्या घरानं त्याला लिहिता ठेवला. दुसऱ्याच्या घरानं शुक्रवारचे गुण मिळवले आणि मुलाचं लिहिणं गमावलं.

अगाथा ख्रिस्तींचं नाव रहस्यकथांच्या वाचकांना सांगायला नको. त्यांचं बालपणीचं शिक्षण बहुतेक घरीच झालं. आठ वर्षांची होईपर्यंत मुलानं वाचायला शिकू नये असं त्यांच्या आईचं मत. ही मुलगी त्याआधीच, अक्षरं न शिकता, शब्दाच्या चेहऱ्यावरून आपली आपण वाचायला लागली. परिणाम असा, की वाचन झपाट्यानं वाढलं आणि स्पेलिंग आयुष्यभर कच्चं राहिलं. हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणानं सांगितलं आहे. यातून दोन गोष्टी कळतात. नुसत्या वाचनानं शुद्धलेखन येत नाही, अक्षर सुटं करून पाहावं लागतं. आणि ते कच्चं राहिलं म्हणून लिहायचं थांबायचं कारण नाही. आपल्या बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचताच येत नव्हतं. त्या म्हणत गेल्या, घरच्यांनी उतरवून घेतलं, आणि १९५२ साली, त्यांच्या मागे, ते पुस्तक झालं. भाषा आणि लेखन या दोन गोष्टी आहेत. भाषा आईच्या दुधाबरोबर येते. लेखन शिकावं लागतं, आणि कुणाला लवकर येतं, कुणाला उशिरा.

पण म्हणून शुद्धलेखनाला काय जाळायचंय, असं मी म्हणणार नाही. म्हणणारे पुष्कळ आहेत. ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांना ते परवडतं. तलाठ्याची परीक्षा असो की पोलीस भरती, मराठी व्याकरणाचे प्रश्न असतातच. अर्जातली वेलांटी चुकली तर खेड्यातल्या, वस्तीतल्या मुलाकडे 'हा असलाच' म्हणून पाहिलं जातं. आडनाव माझ्यासारखं असेल तर ती नजर जरा अधिकच तीक्ष्ण होते, हे मी अनुभवानं सांगतो. शुद्धलेखन हा दरवाजा आहे. तो असावा की नसावा यावर विद्वान वाद घालतील. तोवर आपल्या मुलाच्या हातात किल्ली असलेली बरी. फोन आपोआप शब्द सुधारतो, त्यावर विसंबू नका. 'दिन' आणि 'दीन' हे दोन्ही शब्द बरोबर आहेत. आपल्याला कुठला हवा, याची खात्री फोन देऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट पालकांना हात जोडून सांगतो. महिनोन् महिने नीट पद्धतीनं घेऊनही मुलाची अक्षरं जागा बदलत असतील, मात्रा गळत असतील, तर त्याची तपासणी करून घ्या. अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं १९९६ सालीच घेतला. जास्तीचा वेळ मिळतो, लेखनिक मिळू शकतो, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापले जात नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा उल्लेख नावानिशी आहे. तरीही प्रमाणपत्र नको म्हणणारे आई-बाप मी पाहतो. 'लोक काय म्हणतील', 'मुलीचं लग्न कसं होईल', ही भीती. चष्मा लागला तर आपण लपवतो का? सवलत घेतली म्हणून घरचा अभ्यास थांबत नाही. उलट परीक्षेची टांगती तलवार गेली, की मूल शांतपणे शिकतं.

तेव्हा आज रात्री वही उघडाल, तर एवढं करून पाहा. दहा-पंधरा मिनिटांच्या वर बसू नका. पाचच शब्द घ्या, आणि ते मुलाच्या स्वतःच्या लिखाणातले घ्या. एका वेळी एकच प्रकारची चूक धरा. वेलांटीचा आठवडा चालू असेल तर उकाराकडे डोळेझाक करा. आधी ओठांनी म्हणू द्या, मग हातानं लिहू द्या, मग झाकून आठवू द्या. बरोबर की चूक ते मुलालाच ताडू द्या. आणि महिन्यापूर्वीचा एखादा शब्द अधूनमधून सहज विचारा. वीस वेळा लिहिण्याची शिक्षा घरातून कायमची हद्दपार करा.

शेवटी, आठवड्यातून एक दिवस मुलाला काहीही लिहू द्या. आजीला पत्र, क्रिकेटच्या सामन्याची हकिकत, मित्राशी झालेलं भांडण. त्या कागदावर लाल पेन लावू नका. तो फक्त वाचा, आणि त्यानं जे सांगितलं आहे त्यावर त्याच्याशी बोला. पंधरा-वीस वर्षांनी तुमच्या मेहनतीचा हिशेब होईल, तेव्हा हा कागद जमेच्या बाजूला असेल.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)